किंजळीवरचं कडक ब्रॅकेट: नवीन प्रजाती म्हणायला नक्की काय काय लागतं?

रानमोडी:
मंडळी, जरा मदत हवीये. दोडामार्गच्या बाजूला आमच्या बागेच्या कडेला एक म्हातारी किंजळ आहे, खोड आतून पोकळ व्हायला लागलंय, आणि त्यावर छातीएवढ्या उंचीवर एक लाकडासारखी कडक आळंबी आलीये, म्हणजे छत्रीवाली नाही, खोडाला आडवी चिकटलेली ब्रॅकेटवाली. वरून काळी आणि भेगाळलेली, कडेला गंजकट पिवळा पट्टा, खालची बाजू तपकिरी, आणि भोकं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. भिंगाखाली पट्टी धरून मोजली तर मिलिमीटरला ६ ते ८ भरतात. कोयत्याने तुकडा काढताना घाम फुटला.

फोटो टाकून बघितले. एक अ‍ॅप म्हणतं फेलिनस इग्निएरियस, दुसरं म्हणतं गॅनोडर्मा. ओळखीतून एका लॅबमध्ये आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) सिक्वेन्स करून मिळाला, तो ब्लास्टला, म्हणजे जमा सिक्वेन्सशी जुळवून बघणाऱ्या ऑनलाइन साधनाला, टाकला तर सगळ्यात जवळची नोंद ९४ टक्के जुळते आणि ती पण नुसती 'फुल्विफोमेस स्पीशीज' एवढीच, पुढे नाव नाही. म्हणजे ही नवीन प्रजाती समजायची का? आणि नाव द्यायचं असेल तर पुढे काय करतात? आजीचं नाव द्यायचं मनात आहे, ती किंजळ तिनेच राखली होती.

पावसाळी_भटक्या:
भारी! ९४ टक्के म्हणजे नवीनच की. ९७ च्या खाली गेलं की वेगळी प्रजाती असं वाचलंय. अभिनंदन!!

छिद्रमोजणी:
भटक्या, थांब जरा. बारशाची घाई नको.

९७ टक्क्यांचा आकडा हा मातीतल्या नाहीतर पाण्यातल्या हजारो सिक्वेन्सचे गठ्ठे पाडताना सोय म्हणून वापरतात, तो निसर्गाचा नियम नाही. काही गटांत दोन वेगळ्या प्रजातींचा आयटीएस ९९ टक्के जुळतो आणि काही गटांत एकाच प्रजातीत ३-४ टक्के फरक निघतो. आयटीएस हा बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून २०१२ मध्ये स्वीकारला गेला हे खरं, पण बारकोड लावून दुकानातल्या यादीत माल सापडायला आधी यादी भरलेली पाहिजे ना. आपल्या पश्चिम घाटातल्या लाकूड कुजवणाऱ्या बुरशींची ती यादी अर्धीमुर्धी आहे. त्यामुळे ९४ टक्के याचा एक अर्थ 'नवीन प्रजाती' आणि दुसरा, जास्त शक्यतेचा अर्थ, 'शंभर वर्षांपूर्वी नाव दिलेली जुनी प्रजाती, जिचा डीएनए अजून कोणी काढलाच नाही'.

शिवाय जेनबँकमधली, म्हणजे जगभरचे सिक्वेन्स जमा होतात त्या साठ्यातली, नावं डोळे झाकून घेऊ नकोस. २००६ मध्ये एका गटाने तपासणी केली होती तेव्हा बुरशींच्या नोंदींपैकी साधारण २० टक्क्यांपर्यंत चुकीच्या नावाने असाव्यात असं निघालं होतं.

आता कामाचं. अ‍ॅपने दिलेलं इग्निएरियस विसर, ती थंड देशातली, मुख्यतः विलोच्या झाडावरची. तू पुढच्या गोष्टी बघून सांग. आतल्या गराचा रंग काय, त्यावर केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकला की काय होतं? मायक्रोस्कोपखाली भोकांच्या भिंतीत टोकदार गडद काटे, म्हणजे सीटी, दिसतात का? स्पोअर, म्हणजे बीजाणू, पांढरट की रंगीत? हायफींना, म्हणजे बुरशीच्या धाग्यांना, क्लॅम्प (जोडावरचे छोटे आकडे) आहेत का? आणि लाकूड कसं कुजलंय, पांढरं रेषारेषांचं की तपकिरी चौकोनी तुकडे पडणारं?

आक्का_कुडाळ:
झिला, आमच्या घरात ह्यां कायम असतां. फणसाच्या झाडावरचा फणसोंबा तो हाच ना? सहाणेवर उगाळून लहान मुलांचं तोंड आलं की लावायचा, माझ्या सासूबाई लावायच्या. अजून काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. नवीन कसला, जुनाच आहे.

छिद्रमोजणी:
आक्का, तुम्ही बरोबर नस पकडलीत. फणसोंब्याचा अभ्यास पुण्यात झालाय, लोकौषधीत वापरल्या जाणाऱ्या बुरशींवर १९९३ मध्ये पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांचा लेख आला होता आणि त्यात फणसोंबा म्हणजे फेलिनस गटातली बुरशी असं दिलंय. फेलिनस मेरिलिआय हे नाव त्यासाठी बरेच जण वापरतात. ती प्रजाती मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समधल्या नमुन्यावरून वर्णन केलेली. आता फणसावरची कोकणातली आणि फिलिपिन्समधली खरंच एकच आहेत का हा प्रश्न वेगळा. आणि रानमोडीची किंजळीवरची आहे, फणसावरची नाही.

रानमोडी:
आज कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो. गर गंजासारखा पिवळट-तपकिरी, त्यावर ५ टक्के केओएचचा थेंब टाकला तर क्षणात काळाकुट्ट, मी दचकलोच. पापुद्रा कापायला सगळ्यात त्रास झाला, थर्मोकोलच्या दोन तुकड्यांत धरून ब्लेडने कापत राहिलो, बरेच जाड आले, पण एक-दोन बरे निघाले. काटे कुठेच दिसले नाहीत. हायफी दोन तऱ्हेच्या, एक बारीक पातळ भिंतीच्या आणि आडव्या पडद्यांच्या, दुसऱ्या जाड भिंतीच्या पिवळसर तपकिरी. क्लॅम्प दिसले नाहीत. स्पोअर तपकिरी, जवळजवळ गोल, ५ मायक्रॉनच्या आसपास, भिंत जाड. लाकूड आतून पांढरट मऊ, दोऱ्यासारखे धागे सुटतायत.

छिद्रमोजणी:
वा, हे झालं काम.

केओएचमध्ये कायमचं काळं पडतं, क्लॅम्प नाहीत, कुज पांढरी, म्हणजे हायमेनोकीटेसी कुळ. गॅनोडर्मा बाद, त्यांचे स्पोअर दुहेरी भिंतीचे आणि एका टोकाला छाटल्यासारखे असतात, एकदा बघितले की विसरत नाही. ती हायफीची भानगड, म्हणजे जनरेटिव्ह (वाढणारे), स्केलेटल (आधार देणारे), बाइंडिंग (बांधून ठेवणारे) अशी धाग्यांची वर्गवारी, ती कॉर्नर या वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये मांडली आणि तेव्हापासून पॉलिपोर, म्हणजे खालून भोकं असलेल्या असल्या बुरशी, ओळखायला तीच पहिली पायरी झाली. तुझ्याकडे दोन प्रकार आहेत, म्हणजे डायमिटिक.

आता पूर्वी असं होतं की असलं कडक, तपकिरी, बारमाही, डायमिटिक काहीही सापडलं की 'फेलिनस' लिहून मोकळे व्हायचे. एका आडनावाची सगळी माणसं एकाच घरातली समजावीत तसा प्रकार. २००१-०२ मध्ये वॅग्नर आणि फिशर या जर्मनीतल्या दोघांनी डीएनए बघून त्या पसाऱ्याची फोड केली आणि फुल्विफोमेस, फस्कोपोरिया, फोमिटिपोरिया, पोरोडेडालिया वगैरे नावं, जी मरिल आणि इतर जुन्या बुरशी अभ्यासकांनी आधी सुचवली होती आणि नंतर कोणी मनावर घेतली नव्हती, ती परत वापरात आली. काटे असलेली आणि रंगहीन स्पोअरची असती तर मी फस्कोपोरिया म्हणालो असतो. तुझी बिनकाट्यांची, रंगीत जाड भिंतीच्या स्पोअरची, म्हणजे फुल्विफोमेसच्या बाजूला जाते आणि तुझा सिक्वेन्स पण तेच म्हणतोय. हे दोन्ही जुळलं ही महत्त्वाची गोष्ट आहे, नाहीतर कित्येकदा सिक्वेन्स दुसऱ्याच कुठल्या तरी बुरशीचा निघतो, ब्रॅकेटवर बसलेल्या मोल्डचा, म्हणजे वरवरच्या बुरशीचा.

बेंचवरचा:
मोल्डबद्दल अगदी खरं. पावसाळ्यात गोळा केलेल्या ब्रॅकेटचा वरचा थर कधीच घेऊ नका. तोडून आतला गर चिमट्याने काढायचा, चिमटा जाळावर धरून. कल्चर लावायचं असेल तर माल्ट अगारमध्ये थोडं बेनोमिल हे बुरशीनाशक घालतात, त्याने मोल्ड दबतात आणि बॅसिडिओमायसीट (ब्रॅकेट, छत्र्या यांचा गट) तरतात. आणि एकट्या आयटीएसवर थांबू नका, एलएसयू, टेफ-१, आरपीबी-२ या डीएनएच्या दुसऱ्या तुकड्यांपैकी निदान दोन करा. सगळ्या जीन्सचे वंशवृक्ष एकच फांदी दाखवत असतील तरच बोलण्यात दम येतो.

बाकी पांढरी कुज लॅबमध्ये तपासायची जुनी युक्ती म्हणजे बावेंडाम टेस्ट, १९२८ ची. अगारमध्ये गॅलिक नाहीतर टॅनिक अ‍ॅसिड घालायचं आणि बुरशी लावायची, लाकडातलं लिग्निन फोडणारी ऑक्सिडेज एन्झाइम्स असतील तर वाढीभोवती तपकिरी कडं उमटतं. स्वस्त आणि बघायला मजा येते.

पावसाळी_भटक्या:
पण मला एक कळत नाही. आता डीएनए असताना हे ब्लेडने कापणं, भोकं मोजणं कशाला? सिक्वेन्स वेगळा, नाव वेगळं, विषय संपला. इतकी किचकट पद्धत ठेवल्यामुळेच तर अंदाजे २२ ते ३८ लाख बुरशींपैकी आत्तापर्यंत जेमतेम दीड लाखांना नावं मिळालीयेत.

छिद्रमोजणी:
हा वाद तू पहिला काढलेला नाहीस. २०१८ मध्ये प्वेर्तो रिकोत सान हुआनला आंतरराष्ट्रीय बुरशीशास्त्र परिषद झाली, तिथे नुसत्या डीएनए सिक्वेन्सला 'टाइप', म्हणजे नाव ज्याला बांधलं जातं तो मूळ नमुना, मानून नाव द्यायची मुभा असावी असा प्रस्ताव होता आणि तो मान्य झाला नाही. आजही नावामागे हातात धरता येणारा, जपून ठेवलेला वस्तुरूप नमुना लागतो. माझं वैयक्तिक मत, हे ठीकच झालं. जुनी प्रत्येक प्रजाती त्या वाळक्या नमुन्याला बांधलेली आहे. तू जर नुसत्या सिक्वेन्सला नाव दिलंस आणि उद्या कोणी फिलिपिन्समधल्या त्या जुन्या नमुन्याचा डीएनए काढला आणि तो तुझ्याशी जुळला तर? नाव जाईल ते तुझंच, कारण आधीचं नाव टिकतं.

उदाहरण हवं तर रेशीचं घे, आपल्याकडे कॅप्सूल विकतात ती. डब्यावर गॅनोडर्मा ल्युसिडम लिहिलेलं असतं. ल्युसिडम हे नाव १७८१ मध्ये कर्टिसने इंग्लंडमधल्या बुरशीला दिलं. चीनमध्ये पिकवतात ती वेगळीच, तिला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी नाव मिळालं. ते मिळतंय तोवर दुसऱ्या गटाने म्हटलं की १९८३ मध्येच गॅनोडर्मा सिचुआनेन्स नावाने हीच बुरशी येऊन गेलीये, त्यामुळे ते नाव आधीचं, आणि मग त्या १९८३ च्या टाइप नमुन्यावरच वाद की तो खरंच त्या जातीचा आहे का. अजून दोन्ही नावं छापली जातात. एवढ्या पैशाच्या बुरशीची ही गत, तर किंजळीवरच्या ब्रॅकेटचं कोण बघतंय.

फेलिनस लिंटिअसचं तर त्याहून मजेशीर. कोरिया, चीन, जपानमधल्या औषधी संशोधनाचे ढीगभर लेख या नावाने आहेत. ते नाव आहे १८६० मधलं, निकाराग्वातल्या नमुन्यावरचं! तुतीवरची खरी आशियाई बुरशी वेगळी निघाली, २०१२ मध्ये तिला इनोनोटस संगहुआंग म्हटलं आणि २०१६ मध्ये संगहुआंगपोरस नावाचा वेगळा वंशच (जवळच्या प्रजातींचा गट, जीनस) काढला. आता ते जुने लेख नक्की कुठल्या बुरशीवर केलेत हे ज्यांनी नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळक्या नमुन्यांच्या संग्रहात, ठेवला त्यांचंच तपासता येतं. ज्यांनी नाही ठेवला त्यांचं काय सांगणार.

तैपेईत_सध्या:
मी नोकरीनिमित्त तैवानात आहे, इथली एक गोष्ट सांगतो, तुमच्या चर्चेत फिट बसते. इथे एक लालभडक बुरशी आहे, फक्त इथल्याच एका कापराच्या जातीच्या झाडात, पोकळ खोडाच्या आतल्या बाजूला येते, सोन्याच्या भावाने विकतात. तिला १९९० मध्ये गॅनोडर्मा कॅम्फोरॅटम असं नाव मिळालं. गॅनोडर्मा का, तर नमुन्यावर गॅनोडर्माचे स्पोअर दिसले म्हणून. पुढे निघालं काय की ते स्पोअर दुसऱ्याच कुठल्या तरी बुरशीचे उडून येऊन बसलेले! १९९५ मध्ये दुसऱ्यांनी तिला अँट्रोडिया सिनामोमिया म्हटलं, मग कोणी अँट्रोडिया कॅम्फोरॅटा, मग २००४ मध्ये तैवानोफंगस हा नवा वंश. दुकानात विचाराल तर सगळी नावं ऐकू येतात. त्यामुळे रानमोडी, स्पोअर बघताना ते भोकाच्या आत बेसिडियमला, म्हणजे स्पोअर तयार करणाऱ्या पेशीला, लागलेले आहेत की नुसते वर सांडलेले आहेत हे बघाच.

रानमोडी:
बापरे. बेसिडियम मला दिसलेच नाहीत, नुसते सुटे स्पोअर दिसले. परत कापतो.

छिद्रमोजणी:
जुन्या ब्रॅकेटमध्ये बेसिडियम कोसळलेले असतात, ताजी वाढणारी कड आणि ताजा भोकांचा थर घे, जून-जुलैत जास्त चांगले मिळतात. आणि हो, एकाच ब्रॅकेटवर नवीन प्रजाती लिहू नकोस. नियम तसं करायला बंदी करत नाही, पण त्या परिसरातल्या दोन-तीन किंजळींवरची, जमलं तर पलीकडे गोव्याच्या बाजूची पण, गोळा कर. एका नमुन्यात स्पोअर ५ मायक्रॉन आणि दुसऱ्यात साडेसहा निघाले तर काय लिहिणार? थायलंडमध्ये २०१४ मध्ये एकाच खारफुटीच्या झाडावरच्या, झायलोकार्पस ग्रॅनॅटमवरच्या, कुजीतून फुल्विफोमेसच्या तीन प्रजाती लिहिल्या गेल्या, एका झाडावर तीन! त्यामुळे झाड एक म्हणजे बुरशी एक असं पण धरू नका, आणि झाड वेगळं म्हणजे बुरशी वेगळी असंही नाही.

आणि आक्कांचा फणसोंबा पण घे. खरं तर मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. किंजळीवरची आणि फणसावरची शेजारी शेजारी ठेव, दोघींचे पापुद्रे काप, दोघींचा सिक्वेन्स कर. कदाचित एकच निघेल, कदाचित दोन्ही वेगळ्या आणि दोन्हींपैकी एकही फिलिपिन्सशी जुळणार नाही. तेव्हा जे लिहिशील त्याला वजन येईल.

आक्का_कुडाळ:
आमच्या परसातल्या फणसावर दोन आहेत. कधी येतोस सांग, फक्त एक ने, एक मला लागतो.

नियमावली:
थोडं रुक्ष बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे. तुमच्या खाजगी बागेतलं ठीक आहे, पण अभयारण्यातून नाहीतर राखीव जंगलातून काही उचलायचं तर वनखात्याची लेखी परवानगी. दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्यात कलम ३९ आहे, नवीन प्रजाती शोधली तर ठरवून दिलेल्या संग्रह संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. परदेशातल्या कुठल्या तज्ज्ञाला 'जरा बघा' म्हणून तुकडा कुरिअर करू नका, त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आहे.

रानमोडी:
तुकडा पाठवणारच होतो एका ऑनलाइन ओळखीच्या युरोपियन माणसाला. थांबवतो. मग जमा कुठे करायचं?

बेंचवरचा:
पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर बुरशी हर्बेरियम आहे, एएमएच म्हणतात, आणि जिवंत कल्चरसाठी तिथेच राष्ट्रीय बुरशी संग्रह, एनएफसीसीआय. दिल्लीत भारतीय कृषी संशोधन संस्थेचं (आयएआरआय) पण जुनं हर्बेरियम आहे. तुझ्यासाठी पुणं बरं. जाताना आधी मेल करून वेळ घे, आणि तिथले जुने पश्चिम घाटातले फेलिनस बघायला मिळतील का विचार.

छिद्रमोजणी:
+१. आणि जुनं वाचणं टाळू नकोस. मुंबईच्या ब्लाटर यांनी गोळा केलेल्या बुरशींवर थायसेन यांनी १९११ मध्ये लिहिलंय, देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतल्या बक्षींचा भारतातल्या पॉलिपोर्सवरचा जाडजूड ग्रंथ १९७१ चा आहे, केरळचं काम २००० चं आहे. तुझी बुरशी त्यात कुठल्या तरी युरोपियन नावाखाली बसलेली असण्याची चांगलीच शक्यता आहे. मला विचारशील तर आपल्याकडे जंगलात नवीन शोधण्यापेक्षा कपाटातल्या 'इग्निएरियस' आणि 'ल्युसिडम' लिहिलेल्या पाकिटांत जास्त नवीन प्रजाती सापडतील. पण पाकिटं उघडायला कोणी फंड देत नाही.

नावाचं विचारलं होतंस. प्रकाशनाआधी मायकोबँक, इंडेक्स फंगोरम नाहीतर चीनच्या फंगल नेम्सवर नोंद करून नंबर घ्यावा लागतो, १ जानेवारी २०१३ पासून तो नंबर लेखात छापलेला नसेल तर नाव वैधच होत नाही. २०१२ पासून वर्णन लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत चालतं, त्याआधी लॅटिन सक्तीचं होतं. होलोटाइप, म्हणजे नावाचा मूळ अधिकृत नमुना, कुठला आणि कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलाय हे स्पष्ट लिहायचं. आजीचं नाव द्यायला काहीच हरकत नाही, बाईचं नाव म्हणून शेवट तसा लावायचा, स्वतःचं मात्र कोणी लावत नाही, हसतात. आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलवाल्यांचे मेल यायला लागतील, त्यांना उत्तर देऊ नकोस.

पावसाळी_भटक्या:
म्हणजे अजून वर्षभर तरी गेलं. आणि शेवटी जुनीच निघाली तर?

छिद्रमोजणी:
तर किंजळीवर ती पहिल्यांदा सापडली, मोजमापं अशी, सिक्वेन्स असा, हा छोटा लेख होतो. आणि त्या नावाला पहिल्यांदा भारतातला डीएनए मिळतो. पुढचा जो कोणी ब्लास्ट टाकेल त्याला ९४ च्या जागी ९९ दिसेल.

रानमोडी:
ठरलं. रविवारी आक्कांकडे जाऊन फणसावरची आणतो, मग गोव्यातल्या मित्राच्या काजूबागेशेजारी दोन किंजळी आहेत म्हणे, त्या बघतो. वाळवायचं कसं पण? इथे आत्ता कपडे वाळत नाहीत.

बेंचवरचा:
४०-४५ अंशांवर, भाजी वाळवायचा ड्रायर असेल तर उत्तम, नाहीतर खोक्यात बल्ब. भाजू नकोस, डीएनए जातो. डीएनएसाठी आतला छोटा तुकडा आधीच वेगळा काढून सिलिका जेलमध्ये. पूर्ण वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेव, नाहीतर भुंगे सगळं पीठ करतात. आणि प्रत्येक पाकिटात कागदावर पेन्सिलीने झाड, गाव, जीपीएस, तारीख. बॉलपेन नको, ओल लागली की पसरतं.

आक्का_कुडाळ:
रविवारी सकाळी ये, दुपारी मी देवळात असते. कोयता आणू नकोस, आमच्याकडे आहे.